सोयाबीनचं भुसकट पेटवू नका, गांडूळ खताचा बेड आत्ताच भरा

सोयाबीनची मळणी उरकली की बांधावर भुसकटाचा ढीग उरतो. विदर्भात त्यालाच कुटार म्हणतात. जनावरांपुरतं ठेवायचं आणि बाकीचं काडी लावून मोकळं व्हायचं, ही घाई गावोगाव दिसते. कळकळीने सांगतो, ती काडी लावू नका, त्या भुसकटाचं गांडूळ खत करा. दिवाळीनंतरचे तीन महिने गांडुळांना सर्वांत मानवतात. बेडचं, म्हणजे ज्या वाफ्यात गांडुळं सोडून खत करतात त्याचं, तापमान 20 ते 30 अंशांत राहिलं की ती भरपूर खातात आणि वाढतात. एप्रिल-मेच्या उन्हात तीच जगवताना नाकी नऊ येतात.

बहुतेकांचा बेड बिघडतो तो माल कुजायच्या आधीच गांडुळं सोडल्यामुळे. माझाही पहिला बेड असाच गेला. ताजं शेण, कोरडं भुसकट, वरून पाणी आणि लगेच गांडुळं. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर ती सगळी बेडच्या कडांवर चढलेली, निम्मी मेलेली. आत हात घातला तर चटका बसला. शेण आणि काडीकचरा कुजताना ढीग तापतो आणि त्या उष्णतेत गांडूळ तगत नाही.

म्हणून आधी बेडच्या बाहेर ढीग लावा. भुसकटाचा वीतभर थर, त्यावर शेणकाला (पाण्यात कालवलेलं शेण), पुन्हा भुसकट, असा तीन-चार फुटांपर्यंत. ओल टिकवा आणि आठवड्यातून एकदा वरखाली करा. तीनेक आठवड्यांत माल काळपट, मऊ पडतो. मग कोपरापर्यंत हात घालून मिनिटभर ठेवा. आत कोमट लागलं तरी अजून थांबा. तुराट्या (तुरीची वाळलेली झाडं) आणि पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) यात मिसळू नका. त्या श्रेडर यंत्रातून बारीक करून वेगळ्या कुजवा, त्यांना बराच जास्त वेळ लागतो.

बेड सावलीत, पाणी साचणार नाही अशा जागी मांडा. बाजारात मिळणारा 12 फूट लांब, 4 फूट रुंद, 2 फूट उंच कापडी बेड चालतो. तळाला चार बोटं पाचट (उसाचा वाळलेला पाला), वर दीड फूट कुजलेला माल. एवढ्याला दोन-तीन किलो गांडुळं पुरतात, किलोत साधारण हजार भरतात. शेतातली गांडुळं उकरून आणू नका. ती माती खाणारी, खोल राहणारी असतात. काडीकचरा खाणारी आयसेनिया फेटिडा ही जात घ्या, थंडीच्या रात्रीही ती तग धरते. वर ओलं बारदान झाका. मूठभर माल दाबला तर गोळा व्हावा, पण पाणी ठिबकू नये, इतकीच ओल हवी. आंबूस वास आला तर पाणी जास्त झालं समजा. मुंग्यांसाठी बेडभोवती चारी काढून तीत पाणी ठेवा. कोंबड्यांपासूनही जपा, त्या एका दुपारीत बेड उकरून ठेवतात.

दीड ते दोन महिन्यांत वरचा थर चहापत्तीसारखा दाणेदार होतो, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तेव्हा चार-पाच दिवस पाणी बंद करा. गांडुळं खाली जातात, वरचं खत हाताने काढून सावलीत चाळा. उन्हात वाळवू नका.

हे खत उन्हाळी भाजीपाल्याला रोपामागे दोन मुठी, फळझाडाला पाच ते दहा किलो, तर शेतात एकरी दोन टनांपर्यंत द्या आणि लगेच मातीआड करा. मात्र याच्या भरवशावर रासायनिक खत एकदम तोडू नका. युरियात 46 टक्के नत्र (नायट्रोजन) असतं, यात जेमतेम दीड-दोन टक्के. याचं खरं काम जमीन भुसभुशीत करणं आणि ओल धरून ठेवणं हे आहे. खतांची मात्रा माती परीक्षण पाहूनच हळूहळू कमी करा.

चाळताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहा. खतात मोहरीएवढे, लिंबाच्या आकाराचे पिवळसर दाणे दिसतील. कचरा समजून फेकू नका. ते गांडुळांच्या अंड्यांचे कोष आहेत, प्रत्येकातून दोन-तीन पिल्लं निघतात. चाळणीवर राहिलेला सगळा माल त्या दाण्यांसकट पुढच्या बेडमध्ये टाका, म्हणजे गांडुळं पुन्हा विकत आणावी लागणार नाहीत.