थेरपीला पहिल्यांदा जाताय? मग हे वाचून जा

पहिल्या सेशनला काय बोलायचं हेच सुचत नाही बऱ्याच जणांना, आणि ते अगदी साहजिक आहे. सेशन साधारण ४५ ते ५० मिनिटांचं असतं, पहिल्यांदा थेरपिस्टच जास्त विचारतात, झोप कशी आहे, घरी कोण कोण, आत्ताच का यावंसं वाटलं वगैरे. जायच्या आधी मोबाईलमध्ये दोन ओळी टाइप करून ठेवा, "रात्री तीनला जाग येते आणि छातीत धडधडतं" एवढंही पुरतं.

थेरपिस्ट सल्ले देत बसत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. सीबीटी, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयींवर काम करणारी थेरपी असेल तर घरी करायला काम मिळतं, म्हणजे मनात आलेला विचार लिहायचा, तो खरा कशावरून आणि खोटा कशावरून हे समोरासमोर मांडायचं, आणि हे लिहिणं टाळलं ना की पुढचं सेशन अर्धं वायाच जातं. सीबीटी बहुतेकदा ६ ते २० सेशन्सची असते, बाकी प्रकार लांबू शकतात.

बोललेलं बाहेर जात नाही, फक्त जिवाला धोका वाटला किंवा कायद्याने भाग पडलं तर सांगावं लागतं, याचे नियम पहिल्याच दिवशी विचारून घ्या. औषधं हवी असतील तर बहुतेकदा सायकियाट्रिस्टकडे, म्हणजे मनोविकारांच्या डॉक्टरकडे जावं लागतं.

कधीकधी सेशननंतर जास्तच रडू येतं, थकवा येतो, तेव्हा लगेच सोडू नका प्लीज, पुढच्या वेळी तेच सांगा. तीन-चार सेशननंतरही मोकळं वाटत नसेल तर तसं स्पष्ट बोला, थेरपिस्ट बदलला तरी चालतो.