जुन्या टॉवरलाइनच्या कामात येताय?

विजेची नवी टॉवरलाइन उभारण्याच्या कामाला एक वलय असतं. त्या तुलनेत जुन्या लाइनच्या सुधारणेवर नेमणूक झाली की नव्या इंजिनिअरचा चेहरा जरा पडतो. मी दोन्ही प्रकारची कामं केली आहेत आणि माझं मत विचाराल तर शिकायला जुनी लाइनच बरी. तिथे कित्येक दशकांपूर्वी कुणीतरी घेतलेले निर्णय उभे असतात आणि त्यांच्याखाली माणसं शेती करत असतात, घरं बांधत असतात. तुम्ही बांधावर पाय ठेवता तेव्हा तुमच्या नावावर आधीचीच बाकी असते. कधी काळी कुणी पीक तुडवलं, कुणी कुंपण तोडून तसंच ठेवलं, कुणी 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणून गेला तो गेलाच. तो माणूस तुम्ही नव्हतात हे खरं, पण हेल्मेटचा रंग तोच आहे.

आधी लाइनबद्दल, कारण ती नीट कळल्याशिवाय लोकांशी बोलता येत नाही.

लाइन म्हातारी होते म्हणजे नेमकं काय होतं? लांबून पाहिलं तर काहीच दिसत नाही. टॉवर उभा असतो, तारा लोंबत असतात. म्हणून पहिल्या पाहणीत मान वर करण्याआधी खाली बसा. टॉवरचा पाय जिथे काँक्रीटमध्ये शिरतो तिथे पाणी वाहून जावं म्हणून उतार दिलेला असतो. तो उतार झिजला, तडकला किंवा मातीखाली गाडला गेला की पाणी तिथेच साचतं, जस्ताचा थर आधी जातो आणि मग लोखंड पापुद्र्यांनी सुटायला लागतं. वरून ठणठणीत दिसणारा पाय जमिनीलगत पातळ झालेला असतो. थोडी माती उकरून तारेच्या ब्रशने घासलं आणि जाडी मोजली तरच कळतं. तारांमध्येही तसंच. नेहमीच्या एसीएसआर कंडक्टरमध्ये मधोमध पोलादी तारा आणि भोवती ॲल्युमिनियमच्या. 'झेब्रा' नावाचा कंडक्टर घ्या: ७ पोलादी, ५४ ॲल्युमिनियमच्या, प्रत्येक तार ३.१८ मिलिमीटर, एकूण व्यास २८.६२ मिलिमीटर, आणि वजन किलोमीटरला साधारण १६२० किलो. गंज आतल्या पोलादाला लागतो आणि बाहेरून चकाकी तशीच राहते.

वाऱ्याने तार सतत बारीक कंप पावते. त्यासाठी १९२०च्या दशकात जॉर्ज स्टॉकब्रिज यांनी काढलेला, दोन टोकांना वजनं असलेला छोटा डँपर आजही लावतात. तो निसटून स्पॅनच्या, म्हणजे दोन टॉवरमधल्या पल्ल्याच्या, मध्याकडे सरकला असेल तर क्लँपपाशी, तार जिथे धरलेली असते तिथे, तारा थकत असतात, हे दुर्बिणीतून शोधायला शिका. आणि हुक, शॅकल, पिना. अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोव्हेंबर २०१८ मध्ये लागलेल्या 'कॅम्प फायर' वणव्यात पॅराडाइज हे गाव जवळजवळ भस्मसात झालं आणि ८५ माणसं गेली. त्याची सुरुवात झाली ती ११५ केव्हीच्या (किलोव्होल्टच्या) एका पारेषण लाइनवरच्या, सुमारे शंभर वर्षं जुन्या, झिजून झिजून तुटलेल्या एका हुकातून. इन्सुलेटरची माळ धरणारा साधा वाकवलेला लोखंडी तुकडा. जुन्या लाइनचं काम कंटाळवाणं आहे असं ज्याला वाटतं त्याने त्या हुकाचे फोटो एकदा बघावेत.

आता क्षमतेची गोष्ट. विजेची मागणी वाढते आणि तीच लाइन जास्त करंट वाहून न्यावी अशी अपेक्षा असते. करंट वाढला की तार तापते, तापली की लांबते, लांबली की झोळ वाढतो आणि तार जमिनीकडे येते. म्हणजे लाइनची मर्यादा बऱ्याचदा ठरते ती तार किती खाली आली तर चालेल यावरून. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोक अंधारात गेले. त्या साखळीतला एक दुवा म्हणजे ओहायोमधल्या ३४५ केव्हीच्या लाइन झोळ वाढून खालच्या वाढलेल्या झाडांना लागणं.

यावर उपाय म्हणून तेच टॉवर ठेवून तार बदलायची पद्धत सध्या जोरात आहे. ॲल्युमिनियम एका अंश तापमानाला दर दहा लाखांत सुमारे २३ भाग लांबतं, पोलाद त्याच्या निम्मं, आणि कार्बन तंतूंचा गाभा किंवा इन्वार मिश्रधातू जेमतेम दीड-दोन भाग. इन्वार म्हणजे साधारण ३६ टक्के निकेल असलेलं लोखंड. ते शोधणाऱ्या शार्ल गियोम यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. असा गाभा असलेल्या तारेला 'हाय टेंपरेचर लो सॅग', म्हणजे जास्त तापूनही कमी झोळ पडणारी, म्हणतात. साध्या एसीएसआरला ७५ ते १०० अंशांच्या पुढे नेता येत नाही, ही तार दीडशेच्या पुढेही चालते. वर ॲल्युमिनियमच्या तारा गोल न ठेवता समलंब आकाराच्या केल्या की त्याच व्यासात जास्त धातू बसतो, आणि व्यास तोच असल्यामुळे वाऱ्याचा भार टॉवरला जवळपास पूर्वीइतकाच लागतो. फुकट मात्र काही नसतं. करंट दुप्पट झाला की तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज चौपट होते, आणि कार्बनचा गाभा हाताळताना तीव्र वाकला तर तो आतून तडकतो आणि बाहेरून कळत नाही.

हे सगळं सांगण्याचं कारण असं, की नवे लोक तांत्रिक निवड आधी उरकतात आणि 'लोकांशी बोलणं' नंतरच्या रकान्यात टाकतात. माझ्या मते सगळ्यात महाग पडणारी सवय तीच. तार कुठली निवडली यावर किती टॉवरची उंची वाढवावी लागेल, किती पाये मजबूत करावे लागतील हे ठरतं. म्हणजेच किती शेतांत जेसीबी जाणार आणि किती शेतांवरून नुसती तार ओढली जाणार, हेही तिथेच ठरतं. महाग तार घेतली तर काही बांध वाचतात. स्वस्त घेतली तर तो खर्च रस्ते, भरपाई आणि अडलेल्या दिवसांतून बाहेर पडतो. हा हिशेब मांडताना तिथल्या माणसांना विचारलेलं नसेल तर तुमच्या तक्त्यातला एक अख्खा स्तंभ रिकामा आहे.

आणि त्यांना माहीत असतं. जुन्या ड्रॉइंगवर दाखवलेली वाट केव्हाच नांगरली गेलेली असते. लायडार सर्व्हेत (लेझरने केलेल्या मोजणीत) जमीन सपाट दिसते, पण पावसाळ्यात कुठल्या कोपऱ्यात ट्रॅक्टर रुततो ते कसणाऱ्यालाच ठाऊक. एका ठिकाणी आम्ही टॉवरपर्यंतचा रस्ता कागदावर आखून नेला होता. म्हाताऱ्या शेतकऱ्याने नकाशा हातातही घेतला नाही. म्हणाला, "साहेब, तिथून जाल तर खालच्या चिबडातून गाडी काढायला दुसरी गाडी आणावी लागेल. बांधाच्या वरच्या अंगाने या, मी दाखवतो." आम्ही वरच्या अंगाने गेलो.

बोलायचं कुणाशी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. कागदावर सही करणारा एक, जमीन कसणारा दुसरा, आणि दिवसभर घरी असणारी तिसरीच. नुकसानभरपाई मालकाच्या नावाने निघते आणि तुडवलेलं पीक कसणाऱ्याचं असतं. हे दोघे वेगळे असतील तर पहिल्याच भेटीत दोघांना भेटा, नाहीतर तुमच्यामुळे त्यांच्यात भांडण लागेल आणि काम दोघंही अडवतील. सभा दुपारी ठेवली की ठरावीक चारच चेहरे येतात. बायकांशी बोलायचं तर दारात जाऊन बोलावं लागतं. त्यांचे प्रश्न सहसा जास्त नेमके असतात: मुलं शाळेत जातात त्या वाटेवर ट्रक किती वाजता असतील, विहिरीवर जाता येईल का, घरावर ड्रोन का फिरतोय. ड्रोन उडवण्याआधी सांगा, नंतर नाही.

मग येतो तब्येतीचा प्रश्न. तो येणारच, आणि तो टोलवणारा माणूस तिथे पुन्हा उभा राहू शकत नाही. ४०० केव्हीच्या लाइनखाली रात्री ट्यूबलाइट हातात धरली तर ती मंद उजळते. हे लोकांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे 'काही नसतं हो' म्हणू नका. समजावून सांगा: विद्युत क्षेत्र व्होल्टेजवर अवलंबून असतं. आपण व्होल्टेज बदलत नसू आणि तारेची उंचीही राखत असू, तर त्यात फारसा फरक पडणार नाही, शिवाय भिंती ते बऱ्यापैकी अडवतात. चुंबकीय क्षेत्र करंटवर अवलंबून असतं. करंट वाढणार, म्हणजे तेही त्या प्रमाणात वाढणार, आणि भिंती ते अडवत नाहीत. हे वाक्य गिळू नका. त्यानंतर चुंबकीय क्षेत्राची मर्यादा सांगा: आपल्या विजेच्या ५० हर्ट्झ वारंवारतेसाठी 'इक्निर्प' या आंतरराष्ट्रीय आयोगाने सामान्य जनतेकरता १९९८ मध्ये १०० मायक्रोटेस्ला आणि २०१० मध्ये २०० मायक्रोटेस्ला ही पातळी दिली. लाइनखाली मोजलेले आकडे सहसा याच्या बरेच खाली असतात आणि अंतरासोबत झपाट्याने उतरतात. कुणी वाचून आलेला असेल तर तो विचारेल, की जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये या चुंबकीय क्षेत्रांना '२बी', म्हणजे कर्करोगकारक असण्याची शक्यता आहे अशा गटात टाकलं, त्याचं काय? ते खरं आहे. मुलांमधल्या रक्ताच्या कर्करोगाशी सांख्यिकीय संबंध दिसला होता, पण कारण म्हणून तो सिद्ध झालेला नाही. दोन्ही अर्धी वाक्यं म्हणा. मीटर सोबत ठेवा आणि त्यांच्याच अंगणात, त्यांच्याच हाताने मोजू द्या.

इथे तांत्रिक माणसाला काहीतरी देताही येतं. दोन सर्किटच्या लाइनवर (टॉवरच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फेजच्या तारांचा एकेक संच) दोन्ही बाजूंचे फेज वरून खाली उलट क्रमाने लावले, आणि दोन्हींत करंट एकाच दिशेने साधारण सारखा असला, तर जमिनीवरचं चुंबकीय क्षेत्र चांगलंच घटतं. तारा उतरवलेल्याच असतात तेव्हा क्रम बदलणं तुलनेने स्वस्त. हा पर्याय डिझाइनच्या बैठकीत मांडा. मान्य झाला तर सभेत सांगायला तुमच्याकडे केलेलं काम असेल, नुसता दिलासा नाही.

शटडाउन हा खरा कस. लाइन बंद ठेवायला भार नियंत्रण केंद्राची परवानगी लागते आणि ती मिळते मागणी कमी असते तेव्हा. तो काळ नेमका पीक उभं असण्याचा किंवा काढणीचा निघू शकतो. भार नियंत्रणवाल्यांना पिकाशी देणंघेणं नसतं, शेतकऱ्याला तुमच्या ग्रिडशी नसतं, आणि मधे तुम्ही. माझा सल्ला, शटडाउनची मागणी पाठवण्याआधी त्या पट्ट्यातलं पिकांचं वेळापत्रक हातात घ्या आणि काम टप्प्यांत असं कापा की ज्या स्पॅनखाली काढणी उरलीय तो शेवटी येईल. नेहमी जमत नाही. जिथे जमत नाही तिथे आधीच, काम सुरू होण्यापूर्वी, फोटो काढून आणि पंचनामा करून भरपाई ठरवा. तारीख सरकली तर त्याच दिवशी फोन करा. सरकलेल्या तारखेपेक्षा न आलेला फोन लोकांना जास्त झोंबतो.

सुरक्षेबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं प्रशिक्षणात मिळेल. 'लाइन बंद आहे' यावर विश्वास ठेवू नका. शेजारचं सर्किट चालू असेल तर बंद तारेतही जीव घेण्याइतकं व्होल्टेज प्रवर्तनाने येतं. कामाचं लेखी परमिट हातात, तारेत वीज नसल्याची तपासणी केलेली, आणि कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग (तार जमिनीशी जोडलेली), त्याशिवाय हात लावायचा नाही. गावकऱ्यांनाही हे सांगावं लागतं: मुकादमाने 'आज लाइन बंद' म्हटलं म्हणून कुणी लोंबती तार बाजूला करायला जाऊ नये.

स्ट्रिंगिंगमध्ये, म्हणजे तार ओढून चढवताना, बऱ्याचदा जुनी तारच दोर म्हणून वापरून नवी ओढतात. बघायला फार छान असतं, पण जुन्या तारेतले जॉइंट आधी तपासून, गरज पडेल तिथे कापून बदलल्याशिवाय ती ओढायला लावणं म्हणजे रस्त्यावर टन दोन टन पाडण्याची तयारी. काम संपल्यावर खाली पडलेले नट, पिना, तारेचे कापलेले तुकडे वेचायला गँग कंटाळते. तिथे उभे राहा. चरताना गाय तारेचा तुकडा गवतासोबत गिळते, तो पोटाच्या जाळीदार कप्प्यात अडकतो आणि पुढे टोचत हृदयाच्या आवरणापर्यंत जाऊ शकतो. काम संपून महिने झाल्यावर जनावर मरतं आणि त्या गावात पुढच्या वीस वर्षांत कुठलाही लाइनमन नीट स्वागताची अपेक्षा ठेवू शकत नाही. शेतात चुंबकाची पट्टी फिरवा. पोलादी तुकडे तिला सापडतात, ॲल्युमिनियमचे सापडत नाहीत, ते डोळ्यांनीच शोधावे लागतात.

लाइन चालू झाल्यावर पहिल्या रिमझिम पावसात पुन्हा फोन येतील: "तार पूर्वीपेक्षा जास्त गुणगुणतेय." बरोबर असतं त्यांचं. नव्या तारेच्या पृष्ठभागावर कारखान्यातला तेलकट थर असतो, पाणी पसरत नाही, थेंब थेंब लटकतं आणि त्या थेंबांपाशी करोना, म्हणजे तारेलगतच्या हवेत बारीक विद्युत स्राव, होऊन आवाज येतो. काही महिन्यांच्या उन्हापावसाने तो उतरतो. हे आधी सांगून ठेवलं असेल तर फोन करणारा तक्रार करत नाही, किती दिवस उरले एवढंच विचारतो.

एक वही ठेवा. गँगच्या मुकादमापासून तुमच्या साहेबापर्यंत कुणीही कुणाला काही कबूल केलं, फाटक बसवून देऊ, माती परत पसरू, तर त्यात तारीख आणि नावासह लिहायचं. प्रकल्प संपला की ती वही ड्रॉइंगसोबत देखभाल विभागाकडे सोपवा, आणि सोपवल्याची पोच घ्या.