रोममध्ये घरच्यांसोबत एक दिवस: या चुका टाळा

मी रोममध्ये राहते. मे महिना लागला की पुण्या-नाशिकहून नातेवाइकांचे फोन सुरू होतात. "आमच्याकडे एकच दिवस आहे गं, काय काय बघून होईल?" पाठोपाठ यादीही येते: सकाळी व्हॅटिकन, दुपारी कोलोसियम, मग पँथिऑन, ट्रेव्हीचं कारंजं, स्पॅनिश पायऱ्या. यादी करणाऱ्याने नकाशा पाहिलेला असतो, पण सोबतच्या सत्तरीतल्या आईचे गुडघे आणि सात वर्षांच्या मुलाची भूक त्यात कुठेच नसते.

चुकीच्या रांगेत उभं राहणं

ही चूक मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पाहुण्यांना नकाशावर बोट ठेवून दाखवते. व्हॅटिकनमध्ये दोन वेगळ्या जागा आहेत. सेंट पीटर्स बॅसिलिका हे चर्च मोठ्या गोल चौकात आहे. तिथे प्रवेश फुकट असतो, पण सुरक्षा तपासणीची रांग लागते. संग्रहालयाचं दार मात्र तटबंदीला वळसा घालून उत्तरेच्या बाजूला, व्हियाले व्हातिकानो या रस्त्यावर आहे. सिस्टीन चॅपल बघायचं तर याच दाराने आत जावं लागतं. चौकातून तिथवर चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात.

माझी मावसबहीण, तिचे यजमान, सासूबाई आणि दोन मुलं जूनमध्ये आली होती. त्यांची संग्रहालयाची तिकिटं साडेदहाची होती. मेट्रोतून उतरून गर्दी चालली होती त्या दिशेने ती गेली आणि चौकातल्या रांगेत लागली. दीड तास उन्हात काढल्यावर तपासणीच्या माणसाने तिकीट बघून हाताने दुसरीकडे जायला सांगितलं. तेव्हा मला फोन आला. भिंतीच्या कडेने सासूबाईंना धरून चालवत ती दारापाशी पोचली तेव्हा बारा वाजत आले होते. उशीर होऊनही आत सोडलं, पण पुढे सगळी दालनं घाईघाईत पार करावी लागली. मायकेलँजेलोने सिस्टीन चॅपलचं छत 1508 ते 1512 या काळात, परांचीवर उभं राहून, मान मागे टाकून रंगवलं. ते बघायची सासूबाईंची कित्येक वर्षांची इच्छा होती. त्या भिंतीलगतच्या बाकावर बसल्या आणि त्यांना मान वर करवेना. डोळे मिटून दहा मिनिटं बसल्या आणि "चला" म्हणाल्या. मला अजून त्याचं वाईट वाटतं. अडीच वाजताची कोलोसियमची तिकिटंही वाया गेली.

म्हणून माझा नियम: एका दिवसात वेळ ठरलेलं तिकीट एकाच ठिकाणचं, तेही सकाळचं. व्हॅटिकन किंवा कोलोसियम, दोन्ही नाही. "परत कधी येणार?" म्हणून दोन्ही कोंबणाऱ्यांना मी स्पष्ट नाही म्हणते. संग्रहालय निवडलंत तर ओत्ताव्हियानो स्टेशनला उतरा आणि थेट दाराकडे जा. रविवारी ते बंद असतं, फक्त महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी उघडतं, आणि त्या दिवशी प्रवेश फुकट असल्यामुळे गर्दी फार असते.

तिकिटावर भलतंच नाव

कोलोसियमच्या तिकिटावर प्रत्येकाचं नाव असतं आणि दारावर ओळखपत्र मागतात. आपल्याकडे घोटाळा ठरलेला: पासपोर्टवर माहेरचं नाव, तिकिटावर सासरचं. नाही तर घाईत काढणाऱ्याने लाडाचं नाव टाकलेलं. पासपोर्ट समोर उघडून अक्षर न् अक्षर टाइप करा. 18 वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, तरी त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं. ते राहिलं की दारात मुलं बाहेर आणि आईबाप आत अशी पंचाईत होते.

बसचं तिकीट पर्समध्ये तसंच ठेवणं

कागदी तिकीट विकत घेतलं म्हणजे काम झालं नाही. बसमध्ये चढल्यावर ते यंत्रात घालून शिक्का मारावा लागतो, तेव्हापासून 100 मिनिटं चालतं. शिक्का नसेल तर 50 युरोंच्या वर दंड, माणशी. "आम्ही पर्यटक आहोत" हे तपासनीस ऐकत नाहीत. बँकेचं कार्ड टेकवणार असाल तर प्रत्येकाला वेगळं कार्ड हवं. दहा वर्षांखालची मुलं मोठ्यांसोबत फुकट जातात.

बॅसिलिकेत खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. साडी नेसलेल्या आजींना अडचण येत नाही, हाफ पँटमधल्या नातवाला बाहेर थांबवतात. मी पिशवीत दोन ओढण्या ठेवते.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यात ठिकठिकाणी लोखंडी नळ आहेत, त्यांना 'नाझोनी' म्हणतात. पाणी गार आणि पिण्याचं असतं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून धार उडते, मुलांना ते फार आवडतं.

जेवण दोनच्या आत उरका. तीननंतर बऱ्याच स्वयंपाकघरांना थेट सात-साडेसातपर्यंत सुट्टी असते, आणि भुकेल्या मुलांना घेऊन हिंडताना मग स्मारकासमोरचा महागडा, शिळा पिझ्झाच पदरी पडतो. काचो ए पेपे पास्त्यात मांस नसतं, पण त्यातलं पेकोरिनो चीज कोकराच्या पोटातल्या रेनेटने विरजतात. कडक शाकाहारी असाल तर चीज न घातलेला मारिनारा पिझ्झा मागा.

जेवणानंतर मी सगळ्यांना दोन तास खोलीवर झोपवते. नुसतं "बसून घेऊ कुठेतरी" म्हणून भागत नाही. पाचला निघायचं, आधी पँथिऑन. घुमटाचा व्यास 43 मीटर, जमिनीपासूनची उंचीही तेवढीच, आणि मधोमध उघडं भोक. पाऊस आला तर आत पडतो आणि फरशीतल्या छिद्रांतून वाहून जातो. तिथून पाच मिनिटांवर नवोना चौकात दगडी बाकं आहेत, आजी-आजोबांना तिथे निवांत बसू द्या. ट्रेव्हीला मग जेवून, उशिरा जा. स्पॅनिश पायऱ्यांवर बसायला 2019 पासून बंदी आहे आणि दंडही होतो, तेव्हा पाय दुखत असलेल्या माणसाला तिथे नेऊच नका.