परसातला आवळा : या चुका टाळा

पाऊस लागला की कोल्हापुरात आवळ्याची कलमं घेणाऱ्यांची झुंबड उडते. फाल्गुन आला की त्यातलेच बरेच जण तोंड पाडून सांगतात, "झाड वाळलं की हो!" वाळलेलं नसतं. ज्याला आपण आवळ्याचं पान समजतो ती मुळात बारीक डहाळी असते, तिच्यावर चिमुकली पानं ओळीनं लागलेली. तिचं काम संपलं की अख्खी डहाळी गळते आणि झाड बोडकं दिसतं. नखानं साल खरवडून बघा, आत हिरवं असलं तर गप्प बसा. पण गप्प बसवत नाही ना! रोज दोन बादल्या ओतायच्या, वर युरिया टाकायचा.

खरा घोळ पुढं आहे. मार्च-एप्रिलात नव्या पालवीबरोबर पिवळसर-हिरवी, मोहरीएवढी फुलं येतात. त्यांत नर फुलंच जास्त, मादी थोडी. नर फुलं गळून अंगणात सडा पडतो आणि मालक कपाळाला हात लावतात. मादी फुलात फळ धरलेलं असतं, पण ते उन्हाळाभर निजून राहतं. मे महिन्यात काडीकडं कितीही निरखून बघा, काही दिसायचं नाही. पाऊस चांगला बसला की ते फुगायला लागतं आणि नोव्हेंबर ते जानेवारीत काढणीला येतं. राजारामपुरीत एकांनी ऐन जूनमध्ये चांगलं वाढलेलं झाड "नुसतंच वाढतंय" म्हणून तोडलं. दोन महिने थांबले असते तर आवळे मोजत बसले असते. माझ्याकडं फुलोऱ्याच्या दिवसांत पाणी बंद असतं आणि खत म्हणाल तर पावसाच्या तोंडावर शेणखत, बाकी काही नाही.

दोन-चार वर्षं नुसती फुलंच येत असतील तर जोडीदार नाही असं समजा. आवळ्याला स्वतःच्याच जातीचा पराग सहसा चालत नाही. नरेंद्र-७ ही जात लावलीत तर जवळपास कृष्णा किंवा कांचनही हवा. शेजाऱ्याच्या परसात असला तरी भागतं, मधमाशीला कंपाउंड दिसत नाही.

आता माझ्या डोक्यात जाणारी चूक. कलमाच्या सांध्याखालून फुटवा येतो, तो खुंटाचा, म्हणजे ज्या रानटी आवळ्याच्या रोपावर कलम बांधलेलं असतं त्याचा. कसबा बावड्यातल्या एका काकांच्या कलमाला असा फुटवा आला. मूळ कलमापेक्षा जोमानं वाढतोय म्हणून काका खूश; आल्यागेल्याला दाखवायचे, शेणखत तर वेगळंच. काही वर्षांनी फळं आली, गोटीएवढी आणि नुसतीच धाग्यांची. काकांनी सरळ नर्सरीवाल्याला शिव्या घातल्या, "कलम फसवं दिलं बघा!" बुंध्याची माती उकरली तर कलमाचा वाळका थुटका बाजूला तसाच उभा होता. मी म्हटलं, "काका, कलम कवाच गेलं, हा खुंट वाढवलाय तुम्ही." त्यावर काका म्हणाले, "मग ह्याच्यावर परत कलम हुईल का?" होतं की! उन्हाळ्यात फांद्या छाटून नवा फुटवा घ्यायचा आणि त्यावर चांगल्या जातीचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेली कळी, भरायचा. पण इतकी वर्षं गेली त्याचं काय? म्हणून सकाळी चहा घेऊन बागेत फिरताना सांध्याखाली अंगठा फिरवावा. कोंब कोवळा असतानाच बोटानं खुडला तर कात्री लागत नाही.

हाच सांधा मातीत पुरणारेही महाभाग आहेत. तो जमिनीच्या चार बोटं तरी वर राहिला पाहिजे.

नदीकडच्या काळ्या जमिनीत खड्डा काढून लावू नका, पावसाळ्यात त्याचं डबकं होतं. मातीचा उंचवटा करून त्यावर लावा. पन्हाळ्याकडच्या तांबड्या, निचऱ्याच्या मातीत ही काळजी नाही.

बियांपासून झाड करून पैसे वाचवणाऱ्यांना माझा नमस्कार. कलम तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळाला लागतं, बियांचं झाड त्याच्या दुप्पट वेळ घेतं आणि फळ कसं निघेल ते तेव्हाच कळतं.

सालीवर भुसा आणि जाळी दिसली तर साल खाणारी अळी आहे. जाळी झाडून भोकात तार घाला, रॉकेलचा बोळा कोंबा, वर चिखल थापा. औषधाच्या दुकानाकडं पळायची गरज नाही.

आवळ्याचं लाकूड ठिसूळ असतं. फळांनी फांद्या वाकायला लागल्या की बांबूचा टेकू द्या, आणि आवळे पाडायला पोरांना झाडावर चढवू नका.