नवा गेमिंग कन्सोल घेताय? या चुका टाळा

दसऱ्याच्या आधीचे पंधरा दिवस आणि दहावी-बारावीच्या निकालानंतरचा आठवडा, या दोन वेळी माझा फोन हमखास वाजतो. "दादा, पीएस फाइव्ह घेऊ की एक्सबॉक्स?" (पीएस म्हणजे प्लेस्टेशन; दोन्ही टीव्हीला जोडून गेम खेळायची मशीन.) मी प्लेस्टेशन टूपासून खेळतोय, नाशिकच्या इंदिरानगरला राहतो, आणि आजवर ओळखीतल्या वीस-पंचवीस घरांत कन्सोल लावून दिलेत. चुका त्याच त्या दिसतात. घरचे चाळीस-पन्नास हजार रुपये एका संध्याकाळच्या घाईत चुकीच्या ठिकाणी गेलेले पाहिले की फार वाईट वाटतं.

घोटाळा मुळात त्या प्रश्नातच असतो. "कुठला भारी?" याला उत्तर नाही. मी उलट विचारतो: तू खेळणार कोणाबरोबर? तुझ्या चार मित्रांकडे काय आहे? घरात धाकटी बहीण आहे का, तीही खेळणार का? टीव्ही कुठला? यांची उत्तरं मिळाली की कन्सोल आपोआप ठरतो. मित्रांकडे पीएस फाइव्ह असेल तर तोच घ्या. हल्ली फुटबॉलसारखे बरेच गेम एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवाल्यांना एकमेकांशी खेळू देतात हे खरं, पण गेमची सीडी एकमेकांना देता येत नाही. आणि आपल्याकडे सगळा हिशोब सीडीवरच चालतो.

दहा हजार वाचवायला बिनसीडीचा घेणं

ही चूक मला सगळ्यात जास्त खुपते, म्हणून सविस्तर सांगतो. भारतात पीएस फाइव्ह फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा सीडीवाला ४९,९९० आणि डिजिटल, म्हणजे सीडी ड्राइव्ह नसलेला, ३९,९९० रुपयांना होता. एप्रिल २०२४ मध्ये स्लिम, म्हणजे त्याचंच सडपातळ मॉडेल, आलं, तेव्हाही ५४,९९० आणि ४४,९९०, म्हणजे फरक दहा हजारांचाच. दुकानात उभा राहिलेला माणूस हा फरक बघतो आणि त्याला वाटतं, इथेच दोन गेम सुटले.

माझा मामेभाऊ सिडकोत राहतो. त्याने २०२४ च्या दिवाळीत डिजिटल घेतला. मी सीडीवाला घे म्हणून दोनदा सांगितलं होतं. "दादा, आता सगळं डिजिटलच आहे ना," म्हणाला. त्याच्या गल्लीतल्या चार पोरांचा आधीपासून एक ठराव आहे. प्रत्येकाने एक नवी सीडी घ्यायची, संपवली की पुढच्याला द्यायची, चौघांची झाली की विकून टाकायची. नवा मोठा गेम ४,९९९ रुपयांना असतो. तो चौघांत फिरून पुढे दोन-अडीच हजारांना विकला जातो, तेव्हा माणशी खर्च किती पडतो ते तुम्हीच काढा. आमचा भाऊ या ठरावाबाहेर. त्याने आठ महिन्यांत ऑनलाइन दुकानातून पाच गेम घेतले, त्यातले तीन पूर्ण किमतीला. वीस हजारांच्या आसपास गेले आणि त्यातलं काहीच विकता येत नाही, कारण ते त्याच्या अकाउंटला चिकटलेले आहेत. वाचवलेल्या दहाचे दुप्पट गेले. मला जास्त लागलं ते वेगळंच. पोरं संध्याकाळी सीडी घेऊन एकमेकांच्या घरी जायची आणि हा त्यात नसायचा.

स्लिमच्या डिजिटल मॉडेलला सीडी ड्राइव्ह नंतर जोडता येतो. पण तो वेगळा विकत घ्यावा लागतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतंच. जुन्या, जाड डिजिटल मॉडेलला ती सोयही नाही. एक्सबॉक्स सीरिज एसला तर कधीच नाही. स्वस्त म्हणून सीरिज एस घेणाऱ्यांनी हेही लक्षात घ्या की ५१२ जीबीच्या मॉडेलमध्ये गेमसाठी साधारण ३६४ जीबीच जागा उरते. मोठे तीन-चार गेम टाकले की भरला.

डिजिटल कोणाला चालतो? जो एकटा खेळतो, वर्षाला दोनच गेम घेतो, सेलची वाट बघण्याइतका धीर ज्याच्यात आहे, किंवा जो फोर्टनाइटसारखे फुकटचे गेमच खेळतो, त्याला. असे लोक मला क्वचित भेटतात.

डब्यावरचं न वाचता इम्पोर्टेड आणणं

निन्टेंडो ही जपानी कंपनी आपला स्विच हा कन्सोल आपल्याकडे अधिकृतपणे विकत नाही. जो काही मिळतो तो बाहेरून आणलेला. त्यात वाईट काही नाही, माझ्या घरीही आहे. पण काय आणतोय ते बघून आणा.

आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी मुलीसाठी स्विच टू आणला. मुलगी आठवीत, तिला मारिओ कार्ट खेळायचं होतं. काका मुंबईला कामासाठी गेले होते, तिथल्या एका दुकानात इतरांपेक्षा बराच स्वस्त मिळाला, आणि संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ते खूश होऊन परतले. रात्री मला हाक मारली. स्क्रीनवर सगळं जपानी. काका म्हणत होते, सेटिंगमध्ये भाषा बदल ना. बदलायला काही नव्हतंच. जून २०२५ मध्ये स्विच टू आला तेव्हा जपानसाठी निन्टेंडोने दोन मॉडेलं काढली. एक फक्त जपानी भाषेचं, ४९,९८० येनला, आणि दुसरं सगळ्या भाषांचं, ६९,९८० येनला. काकांच्या हातात पहिलं होतं. त्याला जपान हा देश लावलेलंच निन्टेंडो अकाउंट जोडता येतं. मुलीचं जुनं अकाउंट अमेरिकेचं होतं, त्याचा देश बदलावा लागला. देश बदलल्यावर निन्टेंडोचं ऑनलाइन दुकान येनमध्ये उघडलं, आणि तिथे परदेशी क्रेडिट कार्ड २०२५ च्या मार्चपासून बंद. म्हणजे प्रत्येक खरेदीला आधी जपानचं प्रीपेड कार्ड शोधा.

रात्री उशिरापर्यंत मी फोनचा कॅमेरा स्क्रीनसमोर धरून एकेक ओळ भाषांतर करत बसलो होतो. मुलगी शहाणी, तिने तोंड वाकडं केलं नाही. काकांचा चेहरा मात्र मला अजून आठवतो. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, विकलेला माल परत नाही.

म्हणून माझी सवय सांगतो. इम्पोर्टेड कन्सोलचे पैसे देण्याआधी दुकानातच तो चालू करायला लावायचा, सेटिंगमध्ये जाऊन इंग्रजी दिसतंय ना ते डोळ्यांनी बघायचं, आणि मगच पाकीट काढायचं. दुकानदार सील फोडायला तयार नसेल तर तिथून निघायचं. पीएस फाइव्ह दुबईहून किंवा सिंगापूरहून स्वस्तात आणणाऱ्यांनाही हेच सांगेन, शिवाय इथली वॉरंटी मिळणार नाही हे मनाशी पक्कं करूनच आणा. आणि स्विच टूला जुन्या स्विचचं मेमरी कार्ड गेम ठेवायला चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस लागतं. हेही आधी कोणी विचारत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

"जीटीए सिक्स पीएस फोरवर चालेल ना?" नाही. तो पीएस फाइव्ह आणि एक्सबॉक्स सीरिज यांच्यासाठीच जाहीर झालाय. त्यासाठी आता सेकंड हँड पीएस फोर घेऊ नका.

टीव्ही जुना आहे म्हणून कन्सोल थांबवू नका. साध्या ६० हर्ट्‌झच्या टीव्हीवरही उत्तम चालतो. फोरके आणि सेकंदाला १२० फ्रेम हवे असतील तरच एचडीएमआय २.१ वाला टीव्ही लागतो. बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, अशी तक्रार घेऊन येणाऱ्या दहातल्या आठ जणांच्या टीव्हीत गेम मोड बंद असतो. तो चालू करा, कन्सोलमध्ये बिघाड नाही.

कन्सोल काचेच्या शोकेसमध्ये कोंबू नका. भिंतीपासून निदान दहा सेंटीमीटर लांब ठेवा. महिन्यातून एकदा मी मऊ ब्रशने जाळी साफ करतो.

पावसाळ्यात लाइट जाते-येते, त्याची सोय आधी करा. खेळताना पीएस फाइव्ह साधारण २०० वॉट घेतो, तेव्हा ६०० व्हीएचा छोटा यूपीएस गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरता पुरतो. लाइट गेल्यावर मशीन अडखळायला लागलं तर थेट रिपेअरवाल्याकडे पळू नका. पूर्ण बंद करा, पॉवरचं बटण दुसरी बीप येईपर्यंत, म्हणजे सातेक सेकंद दाबून धरा, वायरने रिमोट, म्हणजे खेळायचा कंट्रोलर, जोडा आणि सेफ मोडमधला पाचवा पर्याय घेऊन डेटाबेस पुन्हा बांधायला लावा. त्यात गेम किंवा सेव्ह जात नाहीत.

सेकंड हँड घेताना माणसाच्या घरी जा आणि तिथे अर्धा तास खेळा. सीडी टाकून-काढून बघा, रिमोटवरच्या दोन्ही काड्या आपोआप सरकत नाहीत ना ते बघा, आणि पैसे देण्याआधी तिथल्या वायफायवर तुमच्या अकाउंटने लॉगइन करा. कंपनीने बॅन केलेलं मशीन तिथेच उघडं पडतं. "घाई आहे, दुसरं गिऱ्हाईक येतंय" म्हणणाऱ्याला त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाच देऊ द्या.

दुसऱ्या रिमोटचे पाच-सहा हजार बजेटमध्ये आधीच धरा. भावंडं असतील तर नवा गेम एक महिन्याने घ्या, पण रिमोट दोन घ्या. ऑनलाइन खेळायला बहुतेक विकतच्या गेमना वेगळी वर्गणी लागते, फुकटच्या गेमना लागत नाही, हेही घरच्यांना आधीच सांगा.

आणि वाढदिवसाला कन्सोल देणार असाल तर डबा त्या दिवशी पहिल्यांदा उघडू नका. सीडी टाकली तरी अपडेट उतरतो, आणि १०० जीबीचा गेम ५० एमबीपीएसच्या लाइनवर उतरायला साडेचार तास लागतात. केक कापून झाल्यावर पोरगं टक्क्यांची पट्टी बघत झोपी गेलेलं मी पाहिलंय. आता मी आई-वडिलांना दोन दिवस आधी डबा माझ्याकडे आणून द्यायला सांगतो. रात्री लावून ठेवतो, सगळे अपडेट उतरवतो, एक मॅच स्वतः खेळून बघतो, वायरी होत्या तशाच गुंडाळतो आणि डबा परत चिकटपट्टीने बंद करून देतो.