प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकायचंय? मग आधी तो व्हिडिओ पॉज करा

कुठली लँग्वेज घेऊ यावर महिनाभर घालवू नका, मी घालवलाय, हाती काही लागत नाही. सरळ पायथन घ्या. फुकट आहे, १९९१ पासून आहे, आणि कोड वाचायला सोपा, बास. फक्त पायथन ३ घ्या, कारण नेटवर अजून पायथन २ ची जुनी ट्युटोरियल्स पडलेली असतात आणि त्याचा सपोर्ट २०२० च्या सुरुवातीलाच बंद झालाय. ओळखायची खूण म्हणजे त्यात प्रिंटच्या (स्क्रीनवर दाखवायची कमांड) पुढे बहुतेक वेळा कंस नसतो, तसा कोड तुमच्याकडे चालायचाच नाही आणि तुम्हाला उगाच वाटेल की आपलंच डोकं चालत नाही.

विंडोजवर इन्स्टॉल केलं की आयडल नावाचा साधा एडिटर (कोड लिहायची जागा) सोबतच येतो, सुरुवातीला तेवढा पुरे.

आता व्हिडिओचं. समोरचा भराभर टाईप करतोय, आपल्याला सगळं कळतंय, मान डोलतेय, आणि मग कोरी फाईल उघडली की पहिली ओळसुद्धा सुचत नाही. म्हणून पाच मिनिटं बघा, पॉज करा, स्वतः टाईप करा (कॉपी पेस्ट नाही हां), आणि चाललं की मुद्दाम मोडा. एखादा कंस काढा, स्पेलिंग चुकवा, काय एरर येतो ते बघून ठेवा.

माझा पहिला प्रोग्राम दोन आकडे विचारून बेरीज करणारा होता. ५ आणि ५ दिले, उत्तर आलं ५५. तासभर मी त्या अधिकच्या चिन्हाकडे बघत बसलो. झालेलं असं की इनपुट (आपण टाईप केलेलं घेणारी कमांड) जे देतं ते अक्षरं म्हणूनच देतं, आकडा म्हणून नाही, आणि अक्षरांमध्ये अधिक म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. दोन्ही इनपुट इंटच्या (अक्षरांचा आकडा करणारी कमांड) कंसात टाकले, झाले १०. डेटा टाईप्सचा धडा त्याआधी दोनदा वाचून झालेला बरं का.

लाल अक्षरं दिसली की विंडो बंद करू नका. ट्रेसबॅक, म्हणजे ती लाल अक्षरांतली एररची माहिती, खालून वर वाचायचा, शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं आणि त्याच्या वर कुठल्या ओळीत ते. नेम एरर आला तर बहुतेक नाव टाईप करताना चुकलंय, इंडेंटेशन एरर म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसचा घोळ. सिंटॅक्स एरर (लिहिण्याच्या नियमांची चूक) जरा लबाड, पायथन ३.१० च्या आधी तो बोट एका ओळीकडे दाखवायचा आणि खरा न मिटलेला कंस वरच्या ओळीत असायचा, आता बहुतेक वेळा नेमका तो कंसच दाखवतो. एआयला एररचा अर्थ खुशाल विचारा, पण कोड त्याच्याकडून लिहून घेतलात तर शिकणार तोच.

व्हेरिएबल (नाव देऊन ठेवलेली किंमत), इफ (अट), लूप (तेच परत परत करणं) एवढं आलं की पुढचे धडे थांबवा आणि एक गेम करा. कॉम्प्युटर १ ते १०० मधला आकडा धरेल (त्यासाठी पायथनसोबत येणारा रँडम नावाचा तयार कोड, म्हणजे मॉड्यूल, लागेल), तुम्ही ओळखायचा, तो मोठा की छोटा सांगेल. मग प्रयत्न मोजा, मग कोणी आकड्याऐवजी अक्षर टाकलं तर प्रोग्राम आपटणार नाही असं करा, यात बराच वेळ जाईल, जाऊ द्या. शेवटी उलटं करा, आकडा तुम्ही मनात धरा आणि कॉम्प्युटरला ओळखू द्या. दरवेळी उरलेल्यातला मधला आकडा विचारला तर ७ प्रयत्नांत यायलाच पाहिजे, आठवा लागला म्हणजे कोडमध्ये कुठेतरी घोळ आहे, शोधा.