नथ घडवून घ्यायची आहे? माप, मोती आणि चिठ्ठी

शोकेसमधली नथ कुणाच्याही नाकाला चालावी अशा बेताने केलेली असते. त्यामुळे ती एखादीच्या वरच्या ओठावर टेकते, तर एखादीच्या नाकात तिरकी लोंबते. लग्नात दिवसभर घालायची, ती घालून जेवायचे, हसायचे, तर नथ आपल्या मापाने घडवलेलीच बरी. तिच्यात सोने थोडे आणि हातकाम भरपूर असते, त्यामुळे हौस तशी आवाक्यातली आहे. काम सांगताना नेमके काय बोलायचे, ते मात्र आधी ठरवून जा.

काम कधी आणि कुठे सांगावे

तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू होते, आणि त्याआधी दसरा-दिवाळीत कारागिराला मान वर करायला फुरसत नसते. पितृपक्षात बरेच लोक सोनेखरेदी टाळतात, तेव्हा कारागिरांचे हात मोकळे असतात. मला विचाराल तर काम सांगायला हाच काळ उत्तम. घरी चालत नसेल तर गणपतीच्या आधीच सांगून टाका. फक्त भर पावसाळ्यातली तारीख घट्ट धरू नका. गोदावरीला मोठा पूर आला की नाशिकच्या सराफ बाजारात पाणी शिरते आणि दुकाने बंद ठेवावी लागतात.

कॉलेज रोड, कॅनडा कॉर्नरच्या मोठ्या दुकानांतही ऑर्डर घेतात. तरी नथीसाठी मी रविवार कारंज्यावरून चालत सराफ बाजारात जायला सांगेन. तिथे ओळखीच्या सराफाकडे थेट विचारा, ‘नथ कोण गाठवतं? त्यांच्याशी बोलता येईल का?’ सराफ कारागिराला बोलावून घेत असेल तर निम्मे काम झाले. निरोप दोन तोंडांतून गेला की माप बदलते.

माप

हे काम घरीच करा. जाड पुठ्ठ्यातून हव्या त्या आकाराची नथ कापा, दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने डाव्या नाकपुडीशी लावा आणि आरशासमोर बोला, हसा, घास खाऊन बघा. पुठ्ठा ओठाला लागला तर कडेने थोडा कापा आणि पुन्हा बघा. जमला की तोच पुठ्ठा कारागिराला द्या. समोरून आणि बाजूने काढलेला चेहऱ्याचा फोटोही सोबत न्या.

नाक टोचलेले असेल तर तारेची नथ आणि नसेल तर चापाची, हे पहिल्याच भेटीत सांगा. नाक टोचून बरीच वर्षे काही घातले नसेल तर भोक बारीक झालेले असते. घरात आधीची चमकी असेल तर ती दाखवा, म्हणजे तारेच्या जाडीचा अंदाज येतो. 22 कॅरेटचे सोने मऊ असते. फार बारीक तार घालता-काढताना वाकते, म्हणून भोकात मावेल तेवढी जाड तार मागा.

मोती

नथीचा सगळा डौल मोत्यांत असतो, आणि फसगतही तिथेच होते. कुणी ‘बसरा मोती’ म्हणाले तर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र मागा. खरा बसरा म्हणजे इराणच्या आखातातला नैसर्गिक मोती. तो आज दुर्मिळ आणि महाग आहे, आणि नैसर्गिक मोती संवर्धित (शिंपल्यात मुद्दाम वाढवलेल्या) मोत्यापासून खात्रीने वेगळा ओळखायला क्ष-किरण तपासणी लागते. संवर्धित मोत्यांत कमीपणा काही नाही. बाजारात बहुतेक तेच मिळतात. फक्त किंमत त्याच हिशेबाने द्यावी. दोन मोती एकमेकांवर हलके घासले तर खऱ्या मोत्यांचा स्पर्श किंचित खरखरीत लागतो, काचेचे किंवा प्लास्टिकचे गुळगुळीत सरकतात.

मोती ताटलीत पांढऱ्या कापडावर मांडायला सांगा आणि उजेडात बघा. रंगाची झाक एकसारखी हवी. आकार मात्र मोठ्याकडून लहानाकडे उतरत गेलेला हवा. मधल्या लाल आणि हिरव्या खड्यांबाबतही अस्सल की कृत्रिम ते विचारून घ्या.

सांगाडा बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका

मोत्याला आच सोसत नाही. म्हणून डाख देण्याचे, म्हणजे सोन्याचे भाग तापवून जोडण्याचे काम आधी पुरे करतात आणि मोती शेवटी तारेत ओवून गाठवतात. एकदा मोती बसले की आकार बदलायचा म्हणजे सगळे सोडवून पुन्हा करायचे. तेव्हा नुसता सोन्याचा सांगाडा तयार झाला की दुकानात जा, नाकाला लावून बघा आणि मोत्यांसाठी लागणाऱ्या तारेसकट त्याचे वजन आपल्यासमोर काट्यावर करून घ्या. सोन्याचे खरे वजन तेच. शुद्धताही तिथेच कॅरेट मीटरवर बघून घ्या.

हे नथीच्या बाबतीत विशेष महत्त्वाचे आहे. 2 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, आणि पुष्कळ छोट्या नथींतले सोने तेवढेही भरत नाही. वजन त्याहून जास्त असेल तर हॉलमार्क मागाच. त्यात सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक असतो, तो बीआयएस केअर ॲपवर टाकला की शुद्धता कळते.

चिठ्ठी

बयाणा देण्याआधी लिहून घ्या: सोन्याचा अंदाजे भार, कॅरेट, मोत्यांची संख्या आणि प्रकार, घडणावळ, तारीख. शिवाय दर ऑर्डरच्या दिवसाचा की नथ हातात घ्यायच्या दिवसाचा, हेही. वाद सगळ्यात जास्त यावरच होतात. समजा 24 कॅरेटचा दर ग्रॅमला 10,000 रुपये असेल, तर 22 कॅरेटचा 9,160 च्या आसपास यायला हवा. घडणावळ टक्क्यांवर न ठरवता नगावर ठरवा. कष्ट मोती गाठवण्याचे आहेत, सोन्याच्या भावाशी त्यांचा संबंध नाही. आणि त्या कष्टांचा मोबदला देताना घासाघीस करू नका.

आजीच्या मोडीतून नथ करायची असेल तर जुने सोने आपल्यासमोर आटवून घ्या. जुन्या दागिन्यांत डाख, कधी आत लाखही असते, त्यामुळे घट येणारच. आजीचा तोळा 11.66 ग्रॅमचा, आजच्या व्यवहारातला 10 ग्रॅमचा. म्हणून ग्रॅममध्येच बोला.

नथ हातात आली की दुकानातच दहा मिनिटे घालून बसा. टोचते का, मोती हलतात का ते बघा. बिलावर सोन्याचे निव्वळ वजन वेगळे लिहिलेले हवे. पुढे कधी नथ मोडायची झाली तर दर त्या वजनालाच मिळतो, मोत्यांचे सहसा धरत नाहीत.